रोज एक फोटो: घराची नोंद की हाताचा सराव?

नेट झाली, पेट झाली, आता विषय शोधताय, अशा टप्प्यावरच्या मंडळींकडून एक कल्पना हमखास ऐकू येते. 'मी वर्षभर रोज घरातला एक फोटो काढलाय. मुलगी, आई, आजी, स्वयंपाकघर, सगळं आलंय. शिवाय फोटोग्राफीही सुधारली. यावर पीएचडी होईल ना?' घरगुती छायाचित्रं हाच माझा विषय, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. होईल, असं मी म्हणते. पण तुमच्या एका वाक्यात दोन दावे बसलेत, ते आधी सुटे करा. एक, घराची नोंद झाली. दुसरा, हात सुधारला. हे दोन्ही त्याच फोटोंतून, एकाच वेळी झालं असं तुम्ही गृहीत धरलंय. माझं भांडण नेमकं तिथे आहे.

हात सुधारतो म्हणजे काय होतं? चौकटीतून काय वगळायचं ते डोळ्याला कळायला लागतं. पहिल्या महिन्यातल्या फोटोत खुर्चीवर कपड्यांचा ढीग असतो, मागे मोबाइलच्या चार्जरची वायर लोंबत असते, कोपऱ्यात पाण्याची बादली असते. सहाव्या महिन्यापर्यंत वायर गेली, बादली गेली, खिडकीतला तिरपा उजेड आला आणि मूल त्या उजेडात बसलं. फोटो सुरेख झाला, यात वाद नाही. पण वीस वर्षांनी कुणी अभ्यासक हे घर समजून घ्यायला बसला, तर त्याला ती बादली हवी असेल. नळाला किती वाजता पाणी यायचं, हे बादलीनेच त्याला सांगितलं असतं.

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ आणि नीट तपासू. जेमी लिव्हिंग्स्टन या अमेरिकन माणसाने ३१ मार्च १९७९ ला, बार्ड कॉलेजात शिकत असताना, पोलरॉइड काढायला सुरुवात केली. दिवसाला एक. कॅमेरा एसएक्स-७०, म्हणजे घडी घालून ठेवता येणारा, ज्यातून फोटो स्वतःच बाहेर येतो आणि डोळ्यांदेखत उमटतो. हा क्रम त्याने २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत चालवला. त्या दिवशी त्याचा एक्केचाळिसावा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी तो कर्करोगाने गेला. मित्रांनी २००७ मध्ये बार्ड कॉलेजात हे सगळं मांडलं. प्रदर्शनाच्या नावातच आकडा होता: ६,६९७ पोलरॉइड.

या कामाबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक हळवं असतं. माणूस मेला त्या दिवसापर्यंत फोटो काढत राहिला, डोळे भरून आले, वगैरे. ते येणारच. पण संशोधनाच्या नजरेने बघायचं तर आधी कॅल्क्युलेटर काढा. ३१ मार्च १९७९ ते २५ ऑक्टोबर १९९७, दोन्ही दिवस धरून, ६,७८४ दिवस होतात. फोटो ६,६९७. फरक ८७ चा. 'रोज' हा शब्द इतक्या सहज खरा मानला जातो की ही वजाबाकी करायचं कुणाला सुचत नाही. मला यात लिव्हिंग्स्टनची खोडी काढायची नाही. अठरा वर्षांत ८७ म्हणजे शेकड्याला दीडसुद्धा नाही. पण अभ्यासक म्हणून तुम्हाला तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: फोटो काढलाच नाही, काढला पण हरवला, आणि होता पण मांडणाऱ्यांनी ठेवला नाही. या तिन्हींचा अर्थ निरनिराळा आहे. तुमच्या ३६५ मध्ये समजा ३४० असतील, तर ते २५ दिवस कोणते होते हे बघा. आजारपणाचे? भांडणाचे? पाहुण्यांनी घर भरल्याचे? ते दिवस सारखे विखुरलेले नसून एका जागी गोळा झालेले असतील, तर तुमची सर्वात बोलकी सामग्री तीच.

असो. लिव्हिंग्स्टनच्या कामाचं मोल माझ्या मते दुसरीकडेच आहे. त्याने चांगले फोटो काढायचा ध्यास घेतलेला दिसत नाही. काही फोटो हललेले आहेत, काही फ्लॅशने पांढरेफटक झालेत, काहींत टीव्हीचा पडदा आहे, काहींत नुसतं जेवणाचं ताट. मित्र येतात, जातात, पुन्हा येतात. माणूस व्यवसायाने चित्रपट क्षेत्रातला, म्हणजे उजेड कसा पाडायचा हे त्याला येत नव्हतं असं नाही. पण अठरा वर्षं ओळीने बघत गेलात तर 'बघा, कसा सुधारत गेला' असं म्हणायची फारशी संधी तो देत नाही. १९८० मधला फोटो आणि १९९५ मधला फोटो शेजारी ठेवले तर केस, चष्मे, खोल्या आणि माणसं बदललेली दिसतात. फोटो काढण्याची रीत जवळजवळ तीच. आणि म्हणूनच ते वाचता येतं. २००८ मध्ये हे फोटो इंटरनेटवर गाजले, तेव्हा ज्यांनी हा माणूस कधी पाहिलाच नव्हता त्यांनीही नुसत्या फोटोंवरून त्याचं आयुष्य लावून घेतलं: इथे आजारी पडला, इथे डोक्यावर शस्त्रक्रियेचा व्रण, इथे अंगठी, इथे लग्न. कुठलंही टिपण नाही, फक्त तारीख.

यात त्या कॅमेऱ्याचाही हात आहे, आणि साधनाचा परिणाम हा मुद्दा तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात यायलाच हवा. एसएक्स-७० च्या एका पाकिटात दहा फोटो. निगेटिव्ह नाही, म्हणजे दुसरी प्रत नाही. प्रत्येक फोटोला पैसे मोजावे लागायचे. अशा साधनावर 'दिवसाला एकच' हा नियम पाळणं परवडतं, उलट तो मोडणंच महाग. मोबाइलवर उलटं आहे. तुम्ही 'रोज एक' म्हणता तेव्हा प्रत्यक्षात रोज पंधरा काढता आणि एक ठेवता. मग तुमचा नियम 'रोज एक फोटो काढणे' असा राहिला नाही, 'रोज एक फोटो निवडणे' असा झाला. सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य बदला. आरएसीतल्या कुणीतरी विचारायच्या आत तुम्हीच बदला.

आता 'रोज' या नियमाकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. ऐकायला तो फार काटेकोर वाटतो. पण दिवस चोवीस तासांचा. त्यातला कोणता क्षण? तो फोटो काढणाऱ्याने ठरवला. म्हणजे दिवस तुम्ही निवडत नाही, क्षण मात्र निवडता. १९७० च्या दशकात शिकागो विद्यापीठात मिहाय चिक्सेंटमिहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अडचणीवर एक साधा उपाय काढला होता. लोकांना पेजर दिले. दिवसभरात अवचित कधीही तो वाजायचा, आणि वाजला की त्या क्षणी काय करताय, कसं वाटतंय ते लिहायचं. क्षण निवडण्याचा अधिकार माणसाकडून काढून घेतला, एवढंच. त्याआधी ब्रिटनमध्ये १९३७ साली 'मास ऑब्झर्व्हेशन'वाल्यांनी दर महिन्याच्या १२ तारखेला सर्वसामान्य माणसांकडून त्यांच्या त्या दिवसाची नोंद मागवायला सुरुवात केली. तारीख आधीच ठरलेली. त्यामुळे त्या दिवशी काही खास घडो न घडो, लिहायचंच.

तुमच्या फोटोंना हीच कसोटी लावायला पेजर लागत नाही. मोबाइलच्या प्रत्येक फोटोत काढल्याची वेळ साठवलेली असते. ती एक्सेलमध्ये उतरवा आणि चोवीस तासांचा साधा स्तंभालेख काढा. माझा अंदाज सांगू? संध्याकाळी पाच ते आठ उंच मनोरा, रविवारी सकाळी एक टेकाड, आणि सकाळी साडेपाच ते साडेआठ जवळपास सपाट माळ. आता आपल्याकडच्या घरांत त्या तीन तासांत काय चालतं ते आठवा. पाणी भरणं, डबे, मिक्सर, शाळेची रिक्षा, सापडत नसलेला एक मोजा, कुणी कुणावर ओरडणं. घराचं घरपण त्या तीन तासांत ठासून भरलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच कुणाचा हात रिकामा नसतो. जिचे हात सर्वात जास्त गुंतलेले, तिची बाजू नोंदीतून सर्वात जास्त गळते. तांत्रिक वाटणारा हा स्तंभालेख लिंगभावाचा प्रश्न तुमच्यासमोर आणून ठेवतो. तो नीट वाचलात तर एक प्रकरण सहज उभं राहील.

सरावाच्या दाव्याबद्दल मी थोडक्यातच बोलते, कारण तिथे फार गुंता नाही. अँडर्स एरिकसन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांवरचा निबंध सगळे उद्धृत करतात आणि अर्ध्यांनी तो वाचलेला नसतो. त्यातला सराव म्हणजे नुसतं रोज वाजवणं नव्हे; एखादी कमजोर जागा धरून, चूक काय ते कळेल अशा रीतीने, मुद्दाम केलेलं काम. रोज एक फोटो काढल्याने शिस्त लागते, हे खरं. पण परत बघितलं नाही, कुणाला दाखवून चुका काढून घेतल्या नाहीत, तर तीनशेवा फोटो हा पहिल्याच फोटोची तीनशेवी प्रत असतो. तेव्हा सुधारलो असं म्हणायचं असेल तर कशात ते सांगा: उजेड, वेळ साधणं, माणसाच्या जवळ जाणं? आणि त्यासाठी काय केलं?

सराव आणि नोंद यांत ज्यांनी स्पष्ट निवड केली ती कामं शेजारी ठेवली की हे जास्त उलगडतं. निकोलस निक्सनची 'द ब्राउन सिस्टर्स' ही मालिका घ्या. १९७५ पासून दरवर्षी त्याने आपली पत्नी बीबी आणि तिच्या तीन बहिणींचा फोटो काढला, आठ बाय दहा इंचाच्या निगेटिव्हचा अवजड कॅमेरा लावून, कृष्णधवल, डावीकडून उजवीकडे चौघींचा क्रम कायम तोच. सुरुवातीला सर्वात धाकटी १५ वर्षांची होती, थोरली २५ ची. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने चाळीस वर्षांचे चाळीस फोटो मांडले. प्रत्येक वर्षी अनेक फोटो काढून त्यातला एक ठेवलेला. हे काम सरस आहे, आणि त्यात घर नाही. चार चेहरे आहेत, वय आहे, एकमेकींच्या खांद्यावरचे हात आहेत. कुणाचं लग्न झालं, मोडलं, कोण आजारी होतं, काहीही कळत नाही, आणि कळू द्यायचंच नाही असा तो करार आहे. निक्सन फसवत नाही. आपण कुटुंबाचं जगणं नोंदवतोय असा आव त्या फोटोंत नाही.

दुसऱ्या टोकाला कार्ल बेडन. २३ फेब्रुवारी १९८७ पासून रोज स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो. तोच कॅमेरा, तोच उजेड, तीच मागची बाजू, चेहऱ्यावर काही भाव नाही. एक दिवस चुकला, १९९१ मध्ये, आणि तो दिवस त्याने लपवला नाही. प्रयोगशाळेत ठेवावं असं हे काम आहे: सगळं बांधून ठेवलं, फक्त काळ मोकळा सोडला. नोआ कॅलिनाचा २००६ चा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, जानेवारी २००० पासूनचे रोजचे चेहरे भरभर सरकतात तो. माझं मत विचाराल तर त्या व्हिडिओत चेहऱ्यापेक्षा मागची खोली जास्त बोलते. बेडनने ती खोलीच पुसून टाकली, म्हणून त्याचं काम शुद्ध आहे आणि कोरडंही.

तर तुमचं काम या नकाशावर कुठे बसतं? तुम्हाला निक्सनसारखा फोटो हवाय आणि लिव्हिंग्स्टनसारखी नोंद, हे एकत्र जमायला कठीण आहे.

कुटुंबाकडे येऊ. पिएर बुर्दिए यांनी १९६५ मध्ये फ्रान्समधल्या सामान्य माणसांच्या फोटोंवर एक पुस्तक सिद्ध केलं. त्यातला एक मुद्दा अजून ताजा आहे: मुलं असलेल्या घरांत कॅमेरा जास्त आढळतो, आणि फोटोचं काम कुटुंबाला स्वतःचं एकत्रपण पुन्हा पुन्हा दाखवून देणं हे असतं. म्हणजे कुटुंब आधी आणि फोटो नंतर असं सरळ नाही. फोटो काढताना 'आपण कुटुंब आहोत' हे ठरत जातं. रिचर्ड चॅल्फेन यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकन घरगुती फोटोंत काय नसतं याकडे लक्ष वेधलं. कामाचा कंटाळा नसतो, रुसवा नसतो, आजारपण क्वचित. रोजच्या फोटोने ही पोकळी भरून निघेल असं वाटतं. निघते का? मी म्हणेन, थोडीशी. वाढदिवस आणि बारशाच्या पलीकडे जाऊन पोह्यांची प्लेट येते, शाळेचा गृहपाठ येतो. पण भांडण तरीही येत नाही, कारण भांडणात फोन उचलणारा माणूस भांडणात भर घालतो.

आणि फोटो काढणारा स्वतः कुठे असतो? कुठेच नसतो. आपल्याकडच्या जुन्या अल्बममध्ये वडील कमी दिसतात, कारण कॅमेरा त्यांच्या गळ्यात असायचा. आता अनेक घरांत आईच्या मोबाइलवर फोटो असतात, म्हणून आई कमी दिसते. या बाबतीत उमराव सिंग शेरगिल (१८७०–१९५४) यांचे फोटो आवर्जून बघा. अमृता शेरगिलचे वडील. त्यांनी पत्नीचे, अमृता आणि इंदिरा या मुलींचे फोटो अनेक दशकं काढले, आणि स्वतःचेही, भरपूर. काढणारा आणि दिसणारा एकच. पुढे त्यांचे नातू विवान सुंदरम यांनी २००१–०२ मध्ये हेच फोटो संगणकावर एकमेकांत मिसळून 'री-टेक ऑफ अमृता' ही मालिका केली, ज्यात वेगवेगळ्या काळातली माणसं एका खोलीत येतात. सुंदरम यांनी आजोबांच्या फोटोंना पुरावा मानून हात जोडले नाहीत. त्यांना प्रश्न विचारले, कोण कुणाकडे बघतंय, कोण कुणासाठी सजलंय. घरच्याच माणसाने घरच्याच फोटोंची केलेली ही चिकित्सा आहे. तुमच्या साहित्य-आढाव्यात याला जागा द्या. आढावा म्हणजे फक्त लेख नव्हेत, कलाकृतीही युक्तिवाद करतात.

आता सगळ्यात नाजूक भाग, जो बहुतेक सिनॉप्सिसमध्ये एका ओळीत गुंडाळलेला असतो: 'कुटुंबीयांची संमती घेतली आहे.' कोणी घेतली आणि कोणाची? मूल पाच वर्षांचं असेल तर त्याच्या वतीने पालक संमती देतात. इथे पालक कोण? तुम्हीच. संशोधक कोण? तुम्हीच. म्हणजे अर्जदार आणि मंजुरी देणारा अधिकारी एकाच खुर्चीत. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, पण त्यातला विचार उचलण्यासारखा आहे: ७ ते १८ वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा, १२ पर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि निव्वळ घरगुती कारणासाठी केलेला वापर कायद्याबाहेर ठेवलाय. संशोधनासाठीही अटींसह सूट आहे. पण कॅमेऱ्यातला घरचा फोटो प्रबंधात गेला की तो घरगुती उरत नाही, एवढं तर कुणालाही कळतं. मुलीने आंघोळीला नको म्हणून जो गोंधळ घातला तो आजीला दाखवण्यापुरता गोड आहे. तोच फोटो प्रबंधातून विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात गेला, तर ती सतरा वर्षांची असतानाही तिथेच असेल, तिच्या आईच्या नावासकट.

यावर माझी भूमिका कडक आहे आणि काहींना ती पटत नाही. मुलांचे फोटो विश्लेषणासाठी वापरा, पण छापू नका. त्यांचं वर्णन करा. आणि घरातल्या मोठ्यांना 'संमती आहे ना' असं विचारू नका, त्याला 'हो गं, घे ना' हेच उत्तर मिळतं. त्यांच्यासमोर फोटो ठेवा आणि कोणते काढून टाकायचे ते त्यांना ठरवू द्या. माझ्याकडच्या अनुभवात सासूबाईंसारख्या व्यक्ती पहिल्यांदा काढून टाकतात तो फोटो आपल्याला अजिबात खटकलेला नसतो: गाऊनवर असतानाचा, डोक्याला तेल लावलेला, ओट्याशी जमिनीवर बसून जेवतानाचा. त्या का नको म्हणाल्या ते लिहून ठेवा. ठेवलेल्या फोटोंइतकीच ही काढून टाकलेल्यांची यादी मोलाची आहे.

लिव्हिंग्स्टनच्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच्या मालिकेत तो स्वतः बऱ्याचदा दिसतो, कारण कॅमेरा मित्रांच्या हातात फिरायचा. शेवटच्या फोटोत तर तो अंथरुणावर आहे. बटण दुसऱ्या कुणीतरी दाबलंय. तरीही ते काम आपण त्याच्याच नावाने ओळखतो. तेव्हा तुमच्या एक्सेलमध्ये तारीख आणि वेळ यांच्या शेजारी तिसरा रकाना आखा, 'फोन कुणाच्या हातात', आणि आठवतंय तोवर मागचे सगळे भरून टाका.